पाइपावरचा दुसरा माणूस

आगीच्या गाडीत माझी जागा पहिल्याच दिवशी ठरली. ठरवताना मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

आमचं अग्निशमन केंद्र घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीच्या अलीकडे. नेमकं कुठलं ते लिहीत नाही, माणसांची नावंही लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील आणि मला फोन करतील, ते वेगळं. दोन गाड्यांची शेड, एक टेलिफोनची खोली, एक बसायची खोली आणि मागे मोगऱ्याचं एक रोप, ज्याला पाइपाचं उरलेलं पाणी मिळायचं. या केंद्रात मी पहिली बाई.

गाडीत पुढे ड्रायव्हर आणि साहेब बसतात. मागच्या बाकावर चौघं. डावीकडच्या दाराला जो बसतो तो गाडी थांबताच पहिला उतरतो आणि ब्रँच घेतो. ब्रँच म्हणजे पाइपाच्या तोंडाला लावायची जड नळी. पाणी तिच्यातून सुटतं, आणि आगीसमोर ती धरून उभं राहायचं असतं. दाराच्या शेजारी बसलेला ब्रँचवाल्याच्या मागे पाइप धरतो. तिसरा पाइपाच्या गुंडाळ्या उलगडतो. चौथी जागा उजव्या खिडकीची. त्या बाजूचं दार रहदारीत उघडतं म्हणून ते कायम बंद. तिथे बसलेला सगळ्यांच्या शेवटी उतरतो आणि जमलेल्या लोकांना मागे सारतो.

"मॅडम, तुमी खिडकीला बसा," काका म्हणाले. "वारा लागंल."

काका म्हणजे आमच्या पाळीतले सगळ्यांत वडीलधारे, लीडिंग फायरमन. कर्जतच्या सपाटीवरच्या भातशेतीवाल्या घरातले. दाराची जागा आणि ब्रँच त्यांची. मी शाळेत होते तेव्हापासून ते त्या जागेवर बसत होते. मी खिडकीला बसले आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. टेंपोत, एसटीत, लग्नाच्या जीपमध्ये बाईला खिडकी देतात, म्हणजे तिचा मान ठेवतात. मी कळंबकडची, शेतकऱ्याघरची मुलगी. मला हा मान कळत होता.

पुढे कळलं की या जागेवरून माझ्या येण्याच्या आधी त्यांची मोठी चर्चा झाली होती. बाईमाणूस दोन पुरुषांच्या मध्ये दाटीवाटीने कशी बसणार? तर ती कडेला बसेल, आणि तिच्या शेजारी आमच्यातला दोन मुलींचा बाप असलेला फायरमन बसेल. इतका विचार माझ्या सख्ख्या भावाने माझ्यासाठी कधी केला नसता.

असे बरेच विचार त्यांनी केले होते. मागचं न्हाणीघर रिकामं करून त्याला नवी कडी बसवली होती आणि दारावर खडूने 'महिला' लिहिलं होतं. मी जड काही उचलायला वाकले की दोन हात आधीच पुढे यायचे. शिव्या बंद झाल्या. पण शिव्यांबरोबर बोलणंही बंद झालं. मी बसायच्या खोलीत गेले की ड्रायव्हर धरून चौघंही एकदम मोबाइलमध्ये बघायला लागायचे. आमच्या भागात रं आणि गं शिवाय माणसाचं वाक्य संपत नाही. भाजीवालीसुद्धा ओळख नसताना 'घे गं' म्हणते. केंद्रात मात्र मला कुणी 'गं' म्हणत नव्हतं. मी मॅडम होते, आणि माझ्या पायात नऊ नंबरचे गमबूट होते. मला पाच नंबर लागतो. दोन मोजे आणि पुढे कापडाचा बोळा घालून मी ते चालवत होते.

"आपल्या बाया आग पेटवाय उठतात सकाळी," आई म्हणायची. "इझवाय जाणारी तूच पहिली." त्यात तिचा अभिमान किती आणि काळजी किती, हे मला कधी सांगता आलं नाही.

वर्दी आली की, म्हणजे कुठून तरी आगीचा किंवा अपघाताचा फोन आला की, आम्ही निघायचो. कारखान्याच्या भिंतीमागचं गवत पेटलं. कोंडाणे गावाकडे विहिरीत गाय पडली. घाटात रस्त्यावर तेल सांडलं. एका रिसॉर्टचा जनरेटर जळला आणि पोहायच्या कपड्यांतले पाहुणे मोबाइल घेऊन कुंपणाला उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी मी शेवटी उतरले आणि हात पसरून म्हणाले, "मागे व्हा, मागे व्हा." गर्दी मागे सारण्यात मी इतकी तरबेज झाले की बाजारातही माझ्यासमोरची माणसं आपोआप बाजूला होऊ लागली.

सरावाच्या वेळी ब्रँच हातात मिळायची, नाही असं नाही. पण पाण्याशिवाय. टाकी पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून आमचा सराव बहुतेक कोरडाच असायचा.

पाच महिने होत आले तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. साहेब सरळ माणूस. आवाज चढवायचे नाहीत आणि गोडही बोलायचे नाहीत.

"सहा महिन्यांचा तुमचा अहवाल लिहायचाय," ते म्हणाले. "नोंदी काढून पाहिल्या. एकाही वर्दीवर तुम्ही ब्रँच धरलेली नाही. मी काय लिहू?"

मी म्हणाले, "सर, मला धरू दिली तर धरीन."

"कुणी अडवलं का?"

अडवलं म्हणावं तर कुणीच नव्हतं.

"अहवालात तसं दिसलं नाही तर तुम्हाला टेलिफोनवर बसवतील," साहेब म्हणाले. "काम वाईट नाही. आवाज चांगला आहे तुमचा. पण एकदा तिकडे गेलात की गाडीवर परत येणं अवघड. तुमच्याकडे एक महिना आहे."

मला राग आला. इतका, की मी मोगऱ्याजवळ जाऊन उभी राहिले आणि त्याची चार पानं ओरबाडली. साहेबांवर रागवावं तर ते खरं बोलले होते. त्या चौघांवर रागवावं तर कोणत्या तोंडाने? ज्यांनी माझ्यासाठी न्हाणीला कडी लावली त्यांच्यावर? मला माझाच राग आला. पाच महिने मी खिडकीतला वारा खात बसले होते.

दुपारच्या चहाला मी खोलीत गेले. सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले.

"काका," मी म्हणाले, "मला दाराची जागा द्या."

काकांनी बशीत ओतलेला चहा तसाच धरला. "खिडकी नाय बरी?"

"खिडकीतून उतरता येत नाही. मला ब्रँच धरायचीय. नाही धरली तर महिन्याभरात मी टेलिफोनवर."

मग काका हळूच म्हणाले, "पन मॅडम, तुमी तिकडं बसल्या म्हंजे... माणसांत बसाय लागंल. आमी तुमाला कडंची जागा दिली ती त्यासाठीच."

"दाराची जागापण कडेचीच आहे, काका. एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला दार."

दोन मुलींचा बाप आधी हसला. "खरं हाय की ओ," तो म्हणाला. "आपल्या डोस्क्यातच नाय आलं." बाकीचेही हसले. काका हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला आणि बशी धुवायला नेली. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा त्यांचं हेल्मेट दाराच्या शेजारच्या जागेवर होतं, आणि दाराची जागा रिकामी.

"बसा," एवढंच ते म्हणाले.

दहाएक दिवस साधी वर्दीही आली नाही. पेटावं अशी इच्छा धरणं आमच्या धंद्यात पाप, पण मी धरली.

दिवाळी होऊन गेली होती, भाताची झोडणी चालू होती. या दिवसांत आमच्या रस्त्यांवर पेंढ्याचे टेंपो धावतात. मुंबईकडच्या तबेल्यांना पेंढा जातो, आणि टेंपोवाले एका खेपेत जास्तीत जास्त नेण्यासाठी तो इतका उंच रचतात की टेंपो दिसतच नाही, नुसती गंजी रस्त्याने चालल्यासारखी वाटते. गावातल्या लोंबत्या विजेच्या तारेला वरचा पेंढा लागतो, ठिणगी पडते आणि ड्रायव्हरला बिचाऱ्याला ते कळतही नाही. मागून पोरं ओरडत धावतात तेव्हा कळतं.

ही वर्दी तशीच होती, आणि साहेब त्या दिवशी बैठकीला बाहेरगावी गेले होते. दुपारी बाराच्या सुमाराला, कळंबच्या रस्त्यावर. ड्रायव्हरने शहाणपणा करून जळता टेंपो वस्तीतून बाहेर काढला होता आणि एका मोकळ्या शेतात उभा केला होता. पण शेताच्या बांधाला लागून घरं होती, आणि एका घरामागच्या परड्यात भाताची उडवी, झोडायच्या भाऱ्यांची रास, रचलेली. वारा तिकडेच होता.

गाडी थांबली आणि मी पहिली उतरले. ब्रँच काढली. पाइप उलगडला, जोडला. सगळं सरावात करत होते तसंच झालं. नऊ नंबरचे बूट शेतातल्या ओल्या मातीत रुतत होते. टेंपोपासून पंधरा पावलांवर मी उभी राहिले, एक पाय पुढे, ब्रँच काखेत, आणि ओरडले, "वॉटर ऑन."

पाणी आलं.

ज्यांनी हे धरलेलं नाही त्यांना सांगायचं तर, बुजलेल्या बैलाचं दावं धरल्यासारखं असतं ते, फक्त बैल पुढे ओढतो आणि पाइप मागे ढकलतो. मी एक पाऊल मागे गेले. आणखी एक गेले. बूट तिथेच राहिला, पाय वर आला आणि मी पाठीवर पडले. ब्रँच सोडली नाही. सोडलेली ब्रँच माणसाचं डोकं फोडते, हे मला पाठ होतं. ती छातीशी धरून मी चिखलात पडले होते आणि पाणी आभाळाकडे उडून बांधावर उभ्या असलेल्या सगळ्या गावावर पडत होतं.

लोक हसले. काकांनी माझ्या हातातून ब्रँच घेतली, दोन मुलींचा बाप त्यांच्या मागे पाइपाला लागला, आणि दोघांनी आधी उडवी भिजवली, मग टेंपो विझवला. मी उठले, बूट चिखलातून उपसला आणि हात पसरून म्हणाले, "मागे व्हा." सवय.

आम्ही केंद्रावर पोहोचायच्या आधी व्हिडिओ पोहोचला होता. बांधावरच्या कुणीतरी काढलेला, खाली हसण्याची चित्रं. आईचा फोन आला. "लागलं का गं?" तिने विचारलं. दिवसभरात हे विचारणारी ती एकटीच. मी नाही म्हणाले आणि मग रडू आलं, म्हणून फोन ठेवला.

पडले का, हे मला समजत नव्हतं. मी अंगाने काही नाजूक नाही. भाताचे भारे वाहिलेत, पाण्याचे हंडे वाहिलेत. मी न्हाणीत जाऊन, कडी लावून तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. मी स्वतःकडे बघणं सोडून जेव्हा व्हिडिओत माझ्या मागे बघितलं, तेव्हा मला दिसलं.

ब्रँचवर कधीही एकटा माणूस नसतो. दुसरा मागे पाइप धरतो आणि आपला खांदा पुढच्याच्या पाठीला लावतो. पाण्याचा झटका पहिल्याच्या छातीतून दुसऱ्याच्या खांद्यात जातो आणि तिथून जमिनीत. हे सगळे न सांगता करतात, चालताना हात हलावा तसं. व्हिडिओत काका माझ्या मागे होते. पाइप त्यांनी नीट धरलेला होता. पण माझी पाठ आणि त्यांचा खांदा यांच्यात चांगलं हातभर अंतर होतं. मी पहिलं पाऊल मागे गेले तेव्हा काकाही एक पाऊल मागे सरकले होते. गर्दीच्या बाजारात भला माणूस बाईला धक्का लागू नये म्हणून सरकतो, अगदी तसे.

कोरड्या सरावात हे कधी कळलंच नव्हतं, कारण कोरड्या पाइपाला झटका नसतो.

आता माझ्याकडे पुरावा होता. साहेबांना दाखवला असता तर अहवालाचा प्रश्न सुटला असता. पण दाखवायचा म्हणजे काय म्हणायचं? की या माणसाने मला पाडलं? इतक्या वर्षांची त्यांची नोकरी, निवृत्तीला वर्ष उरलेलं, आणि हातून चूक झाली ती माझी अब्रू राखताना. मी मोबाइल खिशात घातला. संध्याकाळभर माझं ठरेना, आणि घरी जाताना मी स्वतःला सांगितलं की सकाळी दाखवायचा. मी काही संत नाही. मला टेलिफोनवर बसायचं नव्हतं.

सकाळी साहेबांनी पूर्ण पाळीला शेडमध्ये उभं केलं. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता.

"एक पडणं म्हणजे सगळं नव्हे," ते मला म्हणाले. "पण मला गाडीवरच्या प्रत्येकाचा विचार करायचाय. अंगात ताकद कमी पडत असेल तर—"

माझा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात काका रांगेतून एक पाऊल पुढे आले.

"साहेब, ती पडली नाय," ते म्हणाले. "मी मागं नव्हतो."

"तुम्ही मागेच तर होतात. दिसतंय."

"पाइपाला होतो. तिच्या पाठीला नव्हतो." काका साहेबांकडे बघत नव्हते, गाडीच्या चाकाकडे बघत होते. "खांदा लावाय पायजे होता. लावला नाय. माणसं बघत व्हती. बाईच्या अंगाला अंग कसं लावू, असं आलं मनात. तिच्या जागी कोनीबी असता तरी पडला असता. मीबी पडलो असतो."

मी खिशातला हात बाहेर काढला. काकांना बरंच बोलायचं होतं असं वाटलं, पण ते तिथेच थांबले आणि परत रांगेत गेले. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी मैदानात घ्या. ओला सराव. टाकी रिकामी झाली तरी चालेल."

मी ब्रँच घेतली. काका मागे आले. केंद्राच्या कुंपणाबाहेर रिक्षावाले, दुधाचे कॅन घेतलेले दोघं, शाळेला निघालेल्या मुली, सगळे उभे राहून बघायला लागले. त्यांना मागे सारायला आज दोन मुलींचा बाप गेला. काका माझ्या मागे उभे होते, आणि मला न बघताही कळत होतं की हातभर अंतर अजून तसंच आहे.

"टेकू का गं?" त्यांनी विचारलं.

पाच महिने आणि वर काही दिवस मी ते अक्षर केंद्रातल्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"टेका, काका," मी म्हणाले.

त्यांचा खांदा माझ्या पाठीला लागला. हाडकुळा, टणक, घामाचा वास असलेला. मी "वॉटर ऑन" ओरडले. पाणी आलं, झटका आला आणि माझ्यातून निघून मागे गेला. मी उभी होते. साहेबांनी दाब वाढवायला सांगितला. तरी उभी होते. टाकी संपेपर्यंत आम्ही दोघं मैदानाच्या कोपऱ्यातला बाभळीचा बुंधा झोडपत होतो.

अहवालात काय लिहिलं ते मला साहेबांनी वाचून दाखवलं नाही, पण मी गाडीवर राहिले. पाच नंबरचे बूट मात्र दीड वर्षाने आले. आता आमच्याकडे आणखी दोन मुली आहेत, आणि नव्या माणसाला, मुलगा असो की मुलगी, पहिल्या आठवड्यातच ओला सराव मिळतो. पाठीला खांदा लावायचा हे आम्ही तोंडाने सांगतो. न सांगता कळतं असं आता कुणी धरत नाही. बसायच्या खोलीत शिव्याही परत आल्या. त्यांतल्या काही मला आता चांगल्या जमतात, पण ते आईला सांगू नये.

आमच्या केंद्रात एक रीत आहे. निवृत्त होणारा माणूस शेवटच्या दिवशी एकदा ब्रँच धरतो आणि मागे कोण उभं राहणार ते तो स्वतः सांगतो. बहुतेक जण आपल्या बरोबरीच्या जुन्या सोबत्याला बोलावतात. काकांच्या वेळी दोघं-तिघं तशी तयारी करून उभे होते. कुंपणापाशी त्यांच्या घरची माणसं होती, काकी होत्या, सुना होत्या, भाऊबंद होते.

काकांनी मागे वळून बघितलं. "तू ये गं," ते मला म्हणाले.

मी मागे गेले आणि खांदा त्यांच्या पाठीला लावला. त्या वर्षभरात ते आणखी वाळले होते. ते ताठ उभे होते, आपला आपण तोल सांभाळून, जसे ते आयुष्यभर उभे राहिले असतील.

"टेका, काका," मी म्हणाले.

त्यांनी "वॉटर ऑन" म्हटलं. पाणी आलं, आणि घरच्या सगळ्या माणसांदेखत काकांनी अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. मी हलले नाही.